काल इथेच होतं

पश्चिम अमेरिकेतल्या कुठल्याही नॅशनल पार्कात पहाटे साडेचारला गेलात तर अंधारात लाल दिवे हलताना दिसतील. घाबरू नका. ती माणसंच असतात. पांढऱ्या उजेडाने शेजाऱ्याचा फोटो बिघडतो म्हणून कपाळावर लाल दिवा, अंगात असंख्य खिशांचं जाकीट, बोटांची टोकं उघडी ठेवणारे हातमोजे आणि खांद्यावर तिपाई. ही माणसं एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. बोललीच तर ढग किती टक्के आहेत एवढंच. यांत निवृत्त दंतवैद्य असतात, वकील असतात, घराएवढी गाडी घेऊन टेक्सासहून आलेली जोडपी असतात. आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांच्यात एक नवा पोटप्रकार दिसायला लागला आहे : लेन्स पुसायच्या फडक्याशेजारी बाकरवडीची पुडी बाळगणारा, बे एरियातला मराठी सॉफ्टवेअर इंजिनिअर.

असा एक नमुना लग्नसंबंधाने आमच्या घरात आलेला आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे साडू. त्यांचं नाव मी इथे देत नाही. त्यांना आवडणार नाही म्हणून नव्हे, आवडेल म्हणून. मग ते लेखासोबत छापायला फोटो पाठवतील आणि 'क्रॉप करू नये' अशी संपादकांना अट घालतील.

मूळचा हा माणूस निरुपद्रवी. कॅमेरा घेतला तोही मुलीसाठी. तिचं रांगणं, तिने पाहिलेला पहिला बर्फ, शाळेचा पहिला दिवस असं रीतसर चाललं होतं. मुलगी मोठी होत गेली आणि एक दिवस तोंडासमोर हात आडवा धरून म्हणाली, "बाबा, बास." आता हातात कॅमेरा, डोक्यात शटर स्पीड आणि समोर कोणीच नाही. त्याच उन्हाळ्यात मंडळी योसेमिटीला गेली. तिथे एल कॅपिटन नावाचा तीन हजार फुटी कडा उभा होता. तो हात आडवा धरत नव्हता. घात झाला तो तिथे.

सुरुवातीला त्यांच्याकडे १५०-६०० ची झूम लेन्स होती. मध्यमवर्गीयांची लेन्स. वजन दोन किलोच्या आसपास, खिशाला परवडणारी, पहाटेच्या उजेडात जरा कच्ची. तिच्यावर हरणं, गरुड, अस्वलं, सगळं निघत होतं. पण पार्कातली जातिव्यवस्था लेन्सच्या तोंडाच्या व्यासावर चालते. '६०० एफ/४' वाला माणूस झूमवाल्याशी बोलतो, पण मान वळवून बोलत नाही. साडूभाऊंनी हा अपमान काही वर्षं गिळला आणि मग एका दिवाळीत ती लेन्स घरी आणली. वजन तीन किलो, किंमत बारा-तेरा हजार डॉलर. ताईंनी खोकं पाहिलं, बिल पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "आपण नवी गाडी घेणार होतो ती हीच का?"

या लेन्सला पानांच्या नक्षीचं झबलं घालतात. प्राण्यांना दिसू नये म्हणून. रस्त्याच्या कडेला चाळीस गाड्या लागलेल्या असतात, नारिंगी जाकिटातली पोरं चिप्स खात असतात, कोणाच्या तरी गाडीचा अलार्म वाजत असतो. प्राण्याला तेवढी लेन्स मात्र दिसत नाही.

सामान वाहायचं काम माझ्याकडे असतं. याला मोठी परंपरा आहे. १८७१ साली हेडनची सरकारी मोहीम यलोस्टोनला गेली तेव्हा तिच्याबरोबर विल्यम हेन्री जॅक्सन हा फोटोग्राफर होता. तो काळ काचांचा. प्रत्येक फोटोसाठी काचेवर तिथल्या तिथे रसायन ओतायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच तंबूच्या अंधारात धुवायचा. हा सगळा काचसामानाचा संसार खेचरावर. खेचराचं नाव हायपो, फोटो पक्का करायच्या रसायनावरून ठेवलेलं. जॅक्सनचे ते फोटो आणि त्याच मोहिमेतल्या टॉमस मोरानची चित्रं वॉशिंग्टनच्या पुढाऱ्यांपुढे ठेवली गेली, आणि १ मार्च १८७२ ला यलोस्टोन हे जगातलं पहिलं नॅशनल पार्क झालं. साडूभाऊ ही कथा सांगताना जॅक्सनच्या नावापाशी थोडे थांबतात. मी हायपोच्या नावापाशी थांबतो. एवढ्या मोठ्या राष्ट्रकार्यात त्या जनावराचा पुतळा कुठे असल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आता साडूभाऊंच्या धर्माविषयी. त्यांचं दैवत एकच : लाईट. डोंगर दुय्यम, नदी दुय्यम, नातेवाईक तर नाहीतच. सूर्योदयानंतरचा तासभर आणि सूर्यास्ताआधीचा तासभर, एवढाच काळ या पृथ्वीवर काही पाहण्यालायक असतं. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच जग बंद. त्या वेळात ग्रँड कॅन्यन समोर आला तरी ते गाडीतून उतरत नाहीत. "फ्लॅट आहे," म्हणतात. एक मैल खोल दरीला फ्लॅट म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. बायको एकदा भर दुपारी खिडकीतून बघून म्हणाली, "अहो, किती सुंदर!" तर पुढच्या सीटवरून खुलासा आला, "सुंदर आहे, पण चांगलं नाहीये."

या धर्माचे आद्य पुरुष ॲन्सेल ॲडम्स. त्यांचं लीलाचरित्र साडूभाऊंना मुखोद्गत आहे. त्यातला सर्वांत पवित्र अध्याय न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावचा. ॲडम्स संध्याकाळी गाडीतून परतत होते. बरोबर आठ वर्षांचा मुलगा आणि एक मित्र. डावीकडे पाहिलं तर गावामागे बर्फाचे डोंगर, वर चंद्र, आणि खाली दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रूसांवर मावळतीचं शेवटचं ऊन. गाडी कच्चकन थांबली. हे आण, ते आण, असा आरडाओरडा झाला. लाईट मीटर काही सापडेना. तेव्हा चंद्राचं तेज किती असतं तो आकडा आठवून त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि एक फोटो घेतला. दुसरा घ्यावा म्हणून फिल्म पालटेपर्यंत क्रूसांवरचं ऊन गेलं होतं. पुढे हा फोटो जगप्रसिद्ध झाला, पण तो कधी काढला ते ॲडम्सना सांगता येईना. अखेर खगोलशास्त्र्यांनी चंद्राच्या जागेवरून गणित करून तारीख काढली : १ नोव्हेंबर १९४१, संध्याकाळी पावणेपाचच्या जरा पुढे.

साडूभाऊ इथे डोळे मिटतात. माझं लक्ष त्या आठ वर्षांच्या पोराकडे असतं. त्याला भूक लागली असेल का? त्याने 'बाबा, बास' म्हटलं असेल का? यावर इतिहास गप्प आहे. पण साडूभाऊंच्या आयुष्यावर या कथेचा एवढाच परिणाम झाला, की गाडी कधीही, कुठेही, इशारा न देता थांबते. मागच्या सीटवरच्या माणसाच्या हातात चहा आहे की नाही हे पाहायची पद्धत नाही. उघड्या दारातून ते पळत जातात, आम्ही चहा पुसत बसतो, आणि पाच मिनिटांनी ते पाय ओढत परत येतात.

"लाईट गेला."

हे वाक्य मी यूटाहमध्ये ऐकलंय, वायोमिंगमध्ये ऐकलंय, डेथ व्हॅलीत समुद्रसपाटीच्या शहाऐंशी मीटर खाली ऐकलंय. जाण्याआधी तो नेमका कुठे होता हे मला कधी दिसलं नाही.

लाईट गेला की उरतात प्राणी. आणि प्राण्यांच्या बाबतीत दुसरं वाक्य तयार असतं. यलोस्टोनच्या ईशान्येला लामार नावाचं खोरं आहे. विस्तीर्ण गवत, मधून वळणं घेणारी नदी, दूरवर शेकड्यांनी गवे. म्हणजे बायसन. गाड्यांची रांग दिसली की तिथे काहीतरी आहे हे ओळखायचं. पण नवशिक्याने 'काय दिसतंय?' असं विचारायचं नसतं. आधी आपली लेन्स बाहेर काढायची, ती बघितली जाईल अशा बेताने तिपाईवर चढवायची आणि मग क्षितिजाकडे बघत शेजाऱ्याला विचारायचं, "एनी ॲक्शन?" शेजारी आपल्या लेन्सवर एक नजर टाकतो आणि म्हणतो, "यू शुड हॅव बीन हिअर यस्टर्डे."

काल इथे अस्वलीण होती, पिल्लांसकट. काल लांडग्यांनी हरिण पाडलं, रस्त्यापासून दोनशे मीटरवर. काल मूस नदी ओलांडून गेला, मागे धुकं. साडूभाऊ जिथे जातात तिथे एक भव्य काल होऊन गेलेला असतो. गंमत म्हणजे आम्ही निघताना नवी गाडी येऊन थांबते, काच खाली होते, आणि साडूभाऊ तिच्यातल्या कोवळ्या तरुणाला धीरगंभीर आवाजात सांगतात की काल यायला हवं होतं. काल आम्ही मोटेलच्या लाँड्रीत होतो.

लामारमध्ये आणखी एक पंथ भेटतो, लांडगेवाल्यांचा. यांच्याकडे कॅमेरे नसतात, दुर्बिणी असतात. फोटोवाल्यांकडे ते, आपण नव्या लग्नाच्या व्हिडिओवाल्यांकडे बघतो तसे बघतात. यलोस्टोनमधले मूळचे लांडगे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मारून संपवले होते. १९९५ साली कॅनडातून आणून पुन्हा सोडले. संशोधक काहींच्या गळ्यात रेडिओपट्टा बांधतात आणि त्यांना क्रमांक देतात, पुढे नर-मादीचं अक्षर. लांडगेवाल्यांना ही सगळी वंशावळ तोंडपाठ. एका आजीबाईंनी ताईंना दुर्बिणीतून एक करडा ठिपका दाखवला आणि ४० एफची कथा सांगायला घेतली. ड्रूइड पीक नावाचा कळप होता, त्याची ही राणी. भयंकर कजाग. आईला कळपातून हाकललं, एका बहिणीला हाकललं, आणि उरलेली बहीण ४२ एफ हिला उठता-बसता छळलं. शेवटी २००० साली माद्यांनी एक होऊन हल्ला केला आणि ४० एफ त्यात मेली. मग ४२ एफ राणी झाली आणि तिने आपल्या पिल्लांबरोबर त्या मेलेलीची पिल्लंही वाढवली.

ताई ज्या पार्काला आजवर 'ह्याचं ऑफिस' म्हणत होत्या तिथे त्यांनी प्रथमच गाडीतून घडीची खुर्ची काढली. "आणि मग २१ एमने काय केलं? तो नवराच ना दोघींचा?" आजीबाई सांगू लागल्या. त्या सकाळी लाईट अप्रतिम होता म्हणे, आणि साडूभाऊ निघायची घाई करत होते. पण ताई हलायला तयार नाहीत. त्या प्रवासातला तो एकमेव प्रसंग, जेव्हा गाडीत बसून हॉर्न साडूभाऊंनी वाजवला.

गव्यांबद्दल सांगायला हवं. पूर्ण वाढलेला नर ९०० किलोपर्यंत भरतो आणि तासाला पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या वेगाने धावतो. यलोस्टोनमध्ये अस्वलांपेक्षा जास्त माणसं गव्यांनी जखमी केली आहेत, कारण अस्वलाला बघून माणूस गाडीत शिरतो आणि गव्याला बघून सेल्फी काढायला जातो. पार्काचा नियम स्पष्ट आहे : अस्वल आणि लांडगा यांच्यापासून १०० यार्ड, इतर मोठ्या प्राण्यांपासून २५ यार्ड. साडूभाऊ नियमाचे पक्के. स्वतः तर पाळतातच, दुसऱ्यालाही पाळायला लावतात. फोन उंचावून गव्याकडे निघालेला माणूस दिसला की ते रस्त्यापलीकडून "सर! सर! ट्वेंटी-फाइव्ह यार्ड्स!" असं अस्सल सदाशिवपेठी जरबेने ओरडतात. ड्रोनवर पार्कांत २०१४ पासून बंदी आहे; साडूभाऊंच्या मते अमेरिकन सरकारने अलीकडे केलेलं हे एकमेव नीट काम.

पण गव्यांना नियम माहीत नसतात. एकदा हेडन खोऱ्यात कळपच रस्त्यावर आला. सगळ्या गाड्या ठप्प. एक अजस्र नर फुसफुसत आमच्या गाडीला घासून जाऊ लागला. काचेबाहेर हातभर अंतरावर त्याचा डोळा, त्यात आकाश दिसत होतं. आम्ही श्वास रोखून बसलो होतो. साडूभाऊ लेन्सशी झटत होते. त्या तेरा हजारी लेन्सला चार-साडेचार मीटरच्या आतलं काही दिसतच नाही. फोकस होत नाही. गवा गेला. साडूभाऊ घामाघूम. मागच्या सीटवरून ताई म्हणाल्या, "चार मीटरच्या आतलं ह्याला कधीच दिसत नाही. लग्न झाल्यापासून सांगतेय."

आता जरा त्यांच्या बाजूने. कॅन्यनलँड्समध्ये मेसा आर्च नावाची एक बुटकी दगडी कमान आहे, कड्याच्या अगदी काठावर. सूर्य उगवला की ऊन खालच्या कड्यावर पडतं आणि तिथून उसळून कमानीच्या पोटाला लागतं. ती आतून निखाऱ्यासारखी पेटते. पाहण्यासारखी गोष्ट आहे यात वाद नाही. तिथे अंधारातच तिपायांची भिंत उभी राहते, पायात पाय अडकवून, इतकी दाट की मधल्या माणसाला खाजवायचं तर दोघांची परवानगी लागावी. आणि सगळे जण काढतात तो एकच फोटो. तोच कोन, तीच कमान, तोच पेटलेला कडा. मी साडूभाऊंना म्हटलं, "अहो, हा फोटो तर व्हिजिटर सेंटरमध्ये पोस्टकार्डावर मिळतो. उठायचं कशाला तीनला?"

ते लेन्सवरून मान न काढता म्हणाले, "विठोबाचा फोटो मंदिराबाहेर दहा रुपयाला मिळतो. म्हणून वारी बंद झाली का?"

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. यानंतर मी तिपाई जरा आदराने उचलू लागलो, हे नमूद करतो.

अर्थात वारीतसुद्धा देव दिसेलच असं नाही. योसेमिटीत फेब्रुवारीच्या उत्तरार्धात एल कॅपिटनवरचा हॉर्सटेल नावाचा बारीकसा धबधबा मावळत्या उन्हात दहाएक मिनिटं लाव्हारसासारखा पेटतो. १९७३ साली गेलन रोवेलने त्याचा फोटो काढला आणि पुढच्या पिढ्यांची फेब्रुवारी खराब झाली. धबधब्याला पाणी हवं, म्हणजे वर बर्फ वितळायला हवा. पश्चिमेचं आकाश स्वच्छ हवं. आणि दिवस नेमके हवेत. साडूभाऊ दुपारी बारापासून बर्फात घडीची खुर्ची टाकून बसले. हजारभर माणसं बसली होती. पाच वाजून वीस मिनिटांनी एक ढग आला. एकच. काय झालं ते सांगत नाही. ते वाक्य आपल्याला पाठ आहे.

योसेमिटीचा विषय निघालाच आहे तर लोणच्याचंही सांगतो. तिथल्या अस्वलांना माणसाच्या खाण्याची चटक लागली की ती गाडीचं दार कागदासारखं वाकवतात. म्हणून कॅम्पग्राउंडवर लोखंडी पेट्या असतात. वास येणारी प्रत्येक वस्तू रात्री त्यात ठेवायची, टूथपेस्टसुद्धा. रेंजरबाई तपासायला आल्या. त्यांनी पेटी उघडली. आत मेतकूट, लसणाची चटणी, भाजणी, लोणच्याच्या दोन बरण्या, आणि सामानातून चुकून आलेली हिंगाची डबी. बाई एक पाऊल मागे सरल्या. मग पेटी स्वतःच्या हाताने बंद करून, कडी दोनदा तपासून म्हणाल्या, "गुड. व्हेरी गुड." त्या रात्री इतर तंबूंच्या आसपास अस्वल येऊन गेलं म्हणे. आमच्याकडे फिरकलं नाही. साडूभाऊ दोन दिवस ताईंशी बोलत नव्हते.

आणि स्नेक रिव्हर ओव्हरलुक. ग्रँड टीटॉन पार्कातली ही जागा म्हणजे साडूभाऊंचं काशी-रामेश्वर. १९४२ साली ॲडम्सनी इथून फोटो घेतला : पुढे नदीचं चंदेरी वळण, मागे टीटॉनचे सुळके, वर ढग. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर पृथ्वीची ओळख म्हणून जी सोनेरी तबकडी पाठवली तिच्यातल्या चित्रांत हा फोटो आहे. म्हणजे परग्रहवासीयांना नदीचं ते वळण दिसेल. आपल्याला दिसत नाही. कारण मधल्या काळात काठावरची झाडं वाढली आणि वळण त्यांच्याआड गेलं. साडूभाऊंना हे वाचून माहीत होतं. तरी ते पहाटे गेले, तिपाई लावली, डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, दगडावर चढले, मला दगडावर चढवलं. मग झाडांकडे बघत उभे राहिले.

ताई थर्मासमधला चहा ओतत म्हणाल्या, "चला, या वेळी पाच मिनिटांचा तरी उशीर नाही झाला. ऐंशी वर्षांचा झाला."

ते हसले. मनापासून हसले. मग त्यांनी त्या झाडांचा फोटो काढला. मला विचाराल तर बरा आहे.

याच टीटॉनमध्ये ३९९ क्रमांकाची अस्वलीण होती. ग्रिझली. १९९६ चा जन्म, पिल्लांना घेऊन रस्त्याच्या कडेकडेने फिरायची, त्यामुळे तिच्याइतके फोटो बहुधा दुसऱ्या कुठल्या रानटी अस्वलाचे निघाले नसतील. २०२० साली तिला एकदम चार पिल्लं झाली, तेव्हा तर जॅक्सनच्या रस्त्यांवर लग्नाच्या वरातीइतकी गर्दी. साडूभाऊ तिच्या मागावर अनेकदा गेले. त्यांच्याकडे तिचे फोटो आहेत ते असे : गवतावर दोन कान, झुडपामागे खांद्याचा उंचवटा, आणि एक संपूर्ण, पण पाठमोरा. ऑक्टोबर २०२४ मध्ये जॅक्सनच्या दक्षिणेला एका गाडीची धडक बसून ती मेली. अठ्ठावीस वर्षांची होती. पुण्यात आमचा फोन सकाळी वाजला. "३९९ गेली," एवढंच म्हणाले. आईने माजघरातून विचारलं, "कोण गेलं रे त्यांच्यातलं? सुतक आहे का?" मी म्हटलं, नाही, लांबचं नातं आहे. तो पाठमोरा फोटो त्यांनी फ्रेम करून दिवाणखान्यात लावलाय. एरवी फोकस जरा हुकलेला फोटो ते ठेवत नाहीत, आणि हा चांगलाच हुकलेला आहे.

घरी आल्यावर जे घडतं ते थोडक्यात सांगतो, कारण ते सोसणाऱ्यांची संख्या मराठी समाजात मोठी आहे. जेवणं झाली की टीव्ही लागतो. एक कायोटी पंचवीस वेळा येतो. तुम्ही "छान" म्हणालात की प्रश्न येतो, "काय छान वाटलं?" तोंडी परीक्षाच. 'डोळे' हे उत्तर बहुतेक वेळा चालतं. 'रंग' म्हणालात तर मूळ फाइल उघडून आधीचे रंग दाखवले जातात. फोटोत माणूस असेल तर तो मी असतो, मुंगीएवढा, कड्याच्या टोकाशी. "स्केलसाठी," ते पाहुण्यांना सांगतात. माझ्या अमेरिकावारीचे लोकांना दाखवायला एवढेच पुरावे आहेत, आणि त्यात मला ओळखायला बायकोलाही माझा चौकड्यांचा शर्ट बघावा लागतो.

तिथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी एकदा त्यांना गणपतीचे फोटो काढायला सांगितलं. आधी ते नाही म्हणाले. आपण माणसांचे काढत नाही म्हणाले. मग आढेवेढे घेऊन आले, हॉलच्या पार टोकाला तिपाई लावली आणि कार्यवाहांना विचारलं, "आरती पावणेसातला घेता येईल का? पश्चिमेच्या खिडकीतून लाईट येतोय." आणि आरती खरोखर पावणेसातला झाली. मूर्तीच्या उजव्या गालावर ऊन आलं, निरांजनाचा धूर सोनेरी झाला, आणि मंडळाच्या इतिहासात प्रथमच आरतीला सगळे लोक वेळेवर हजर होते. तो फोटो खरंच उत्तम आला. मंडळाने तो स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर घेतला. क्रॉप करून. त्यानंतर साडूभाऊ त्या मंडळात गेलेले नाहीत.

तेव्हा वाचकहो, तुमच्याही नात्यात तिकडे असं कोणी असेल, आणि 'सप्टेंबरात टीटॉनला चाललोय, येता का?' असा फोन आला, तर नाही म्हणू नका. एवढ्या पहाटे तिथे तुम्हाला दुसरं कोणी नेणार नाही, आणि टीटॉन पहाटेच बघावा हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. चहा झाकणाच्या भांड्यातून प्या, दाट लोकरीचे मोजे घ्या, आणि परतीचं विमान असेल त्या दिवशी गाडीची किल्ली मात्र स्वतःच्या खिशात ठेवा.